महाराजांच्या पदातली खरखर

मित्रांनो, गोठ्यात जिच्या हँडलवर कोंबड्या बसतात ती जुनी सायकल म्हणजे मी. माझी घंटी कधीच गेली, पण कीर्तन ऐकायची ओढ काही गेली नाही.

टिकाराम महाराजांनी मला गोंदियाहून आणलं तेव्हा मी काळीकुळकुळीत होते. मागे पेटी बांधून आम्ही गावोगाव कीर्तनाला जायचो. मंडपाच्या बांबूला टेकून मी किती नामगजर ऐकला म्हणून सांगू! एकदा चिचगडच्या जंगलात खड्ड्यात पडून माझं मागचं चाक वाकलं. तेव्हापासून ते दर फेऱ्याला मडगार्डला घासून 'खर्र' करतं. पुढे महाराजांचे गुडघे धरले आणि मी गोठ्यात गेले.

यंदा महाराजांच्या गळ्यात गाठ निघाली. सोमवारी ऑपरेशन. आवाज राहील की नाही, डॉक्टरही सांगेनात. महाराजांनी रचलेलं तलावाचं पद दुसऱ्या कोणालाच येत नव्हतं. म्हणून गाण्यांचे व्हिडिओ करणारी रुचिका धावत आली.

काय तिची मेहनत! वहीत चौकोन आखून तिने एकेका ओळीचं चित्र काढलं होतं. पाण्यावर ऊन कधी उतरतं ते पाहायला ती दोन सकाळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, नुसती बसून होती. पण रविवारी पहाटे स्पीकरवर तयार ताल लावला, तर महाराजांची सम चुकू लागली. अकरा वेळा घेतलं, अकराही वेळा चुकलं.

महाराज चिडले, "हे मशीन माह्यासाठी थांबत नाही, मंग मी कायले त्याच्यामागं धावू?"

"माह्यासाठी तुमी कधी थांबले का चाळीस वर्सांत?" त्यांच्या पत्नी मंदाबाई म्हणाल्या.

सगळे हसले. रुचिका मात्र महाराजांच्या पावलांकडे पाहत होती. "महाराज, पाय काऊन हलवून राहिले?"

"हे पद सायकलवर जुळवलं ना, पोरी."

रुचिकाने वही मिटली. "सायकल कुठं हाये?"

"त्या खटाऱ्यावर आता कोंबड्या कीर्तन करतेत," मंदाबाई म्हणाल्या.

मला बाहेर काढून हवा भरली. महाराज मला हाताने धरून पाळीवरून चालू लागले. रुचिका मोबाइल धरून आमच्यापुढे उलटी चालत होती. तिची मैत्रीण पुष्पांजली पाठीवर टिचकी मारून तिला खड्डा कळवत होती. माझं चाक फिरलं. खर्र... खर्र... महाराजांनी गुणगुणून पाहिलं आणि सम बरोबर त्यावर पडली!

पुष्पांजली थांबली. "आवाज येऊन राहिला. तेल टाकू का?"

"नको," रुचिका म्हणाली. "ताल तोच हाये."

बाराव्या वेळी पद पुरं झालं. पाण्यावर ऊन उतरलं होतं. महाराजांनी हात जोडले ते पाण्याला, देवाला की त्या मुलीला, मला कळलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. महाराज आता कुजबुजतच बोलतात. रोज सकाळी अंगणात मंदाबाई तो व्हिडिओ लावतात आणि खाटेवर त्यांचे पाय हलू लागतात. परवा एक मिस्त्री माझं चाक सरळ करायला निघाला, तर मंदाबाई कडाडल्या, "हात लावून तं पाह्य!"

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेल जरूर घाला. पण घालण्याआधी त्यांचं एकदा ऐकून घ्या.