फक्त आमंत्रितांसाठी

वैजयंतीच्या ब्लॉगला नवं रूप द्यायचं खूळ निघालं ते ती शिकवत असलेल्या शाळेतल्या एका नव्या बाईंमुळे. दिवाळीच्या सुट्टीआधी तिनं त्यांना मोठ्या हौसेनं ब्लॉग उघडून दाखवला. जांभळ्या रंगावर पिवळी अक्षरं, आणि मधूनमधून उडणारी फुलपाखरं. बाई कौतुकानं म्हणाल्या, "छान आहे हो! अगदी लग्नपत्रिकेसारखा."

ते वैजयंतीला लागलं.

मुलगी ईश्वरी पोटात असताना तिनं हा ब्लॉग सुरू केला होता. आता ईश्वरी नववीत गेली, तरी फुलपाखरं तिथंच उडत होती. सेलूच्या घरात जे घडे तेच वैजयंती लिहायची. नवऱ्याच्या भांड्याच्या दुकानात आलेलं एखादं इरसाल गिऱ्हाईक, सासूबाईंनी नव्या मिक्सरशी धरलेला अबोला, जिनिंगकडं जाणाऱ्या गाड्यांतून उडून दारातल्या रांगोळीवर येऊन बसणारा कापूस. खाली कुणी चार शब्द लिहीत नसे. आपलं कुणी वाचत नाही, असं धरूनच ती चालली होती आणि त्याचं तिला फारसं वाईटही वाटत नव्हतं. लिहून झालं की तिला बरं वाटायचं, तेवढं पुरे होतं.

दिवाळीचे पाहुणे गेले, चिवड्याचे डबे तळाला आले, तशी ती लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली. घरातल्यांना सुगावा लागायला वेळ लागला नाही.

"वर एक पट्टी टाक ना दुकानाची," तिचा नवरा श्रीशैल शर्टाची बटणं लावत म्हणाला. "स्टील, पितळ, तांबं. फोन नंबरसकट."

"अहो, ब्लॉग आहे तो. दुकानाची पाटी नाही."

"मम्मी, सगळं काळं कर," ईश्वरीनं सुचवलं. "काळ्यावर पांढरी अक्षरं. मस्त दिसतं."

"सणासुदीचं काळं कशाला गं?" सासूबाई भागम्मा देवपूजा आटोपून येत होत्या. कपाळावर विभूतीचे ताजे पट्टे होते. "हळदीचा रंग दे. आन् माझा फोटू टाकायचा आसल तर नव्या लुगड्यातला टाक."

"आई, तुमचा फोटो मी कधी टाकत नाही."

"फोटू टाकत न्हाईस, मंग माझ्यावर लिवतीस कशाला?"

वैजयंती चपापली. भागम्मा तर फोनवर बोलण्यापलीकडं काही करत नव्हत्या. त्यांना हे कुणी सांगितलं? ती विचारणार तेवढ्यात गॅसवरचं दूध उतू गेलं आणि ते राहूनच गेलं.

ती फुलपाखरं हलवायला गेली तर अक्षरंच गायब झाली. अक्षरं आणली तर फोटो आडवे पडले. श्रीशैल दारात चपला घालत म्हणाला, "रंगकाम चालू असलं की दुकानाचं शटर ओढतात. तू बी ओढ. असा अर्धवट पसारा लोकांना कशाला दाखवायलीस?"

बोलणं तिला पटलं. तिनं ब्लॉग बाहेरच्यांसाठी बंद केला आणि पुढचे दोन-तीन दिवस सवडीनं रंग लावत, पुसत बसली.

मग एका संध्याकाळी जिंतूरहून त्रिवेणीअक्कांचा फोन आला. त्रिवेणीअक्का म्हणजे तिची थोरली नणंद. एरवी आईशी बोलून झालं की, "वैजयंतीला दे," असं त्या म्हणायच्याच. त्या दिवशी म्हणाल्या नाहीत. भागम्मांनी फोन खाली ठेवला आणि सुनेकडं रोखून पाहिलं.

"काय केलंस तू? त्रिवेणी लय रुसलीय. उद्या येनार हाय."

रात्रभर वैजयंती आठवत राहिली. भाऊबीजेची साडी आवडली नाही? की निघताना डब्यात लाडू कमी भरले गेले?

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का एसटीनं आल्या. बसल्या, पण टेकून बसल्या नाहीत.

"अक्का, चहा टाकते."

"चहा नको. पाणी बी नको." त्यांनी पिशवीतून फोन काढून तिच्यापुढं धरला. "वाच. मोठ्यानं वाच."

वैजयंतीनं वाचलं, "हा ब्लॉग केवळ आमंत्रित वाचकांसाठी खुला आहे."

"हां. आता ते आमंत्रित कोन कोन हायेत, तेवढं सांग. तुझ्या म्हायेरचे आसतील. घरच्या लेकीला तेवढं वगळलंस."

वैजयंतीनं ती ओळ पुन्हा एकदा मनाशी वाचली. शटरवर अशी पाटी लागली असेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"अक्का… तुम्ही वाचता?"

"पहिल्यापासनं! मी एकलीच न्हाई." अक्कांचा जिंतूरला शिवणक्लास होता. "दुपारी मशिनी थांबवून पोरी माझ्याभवती बसतेत, मी वाचून दाखवते. छाती फुगवून सांगते, ही माझ्या भावाची बायको. आन् परवा फोन उघडला तर हे! एक पोरगी म्हनली, 'मॅडम, तुमालाच बोलावलं न्हाई का?' काय इज्जत राहिली माझी?"

"मग एवढ्या वर्षांत कधी बोलला का नाहीत?"

"बोलले आसते तर तू जपून लिवलं आसतंस. माझ्या घोरन्यावर लिवलंस ना, त्या दिवशी पोरी लोळून लोळून हसल्या. ते वाचाया मिळालं आसतं का?" त्या किंचित हसल्या, पण लगेच तोंड परत फुगवलं. "आईला बी मी फोनवर सांगत आसते."

वैजयंतीला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. इतकी वर्षं ती रिकाम्या खोलीत बोलते आहे असं समजत होती, आणि जिंतूरला खोली भरलेली होती.

"अक्का, आमंत्रण कुणालाच नव्हतं. माझ्या माहेरच्यांनाही नाही. रंग द्यायचा म्हणून शटर ओढलं होतं. यांनीच सांगितलं."

जेवायला आलेला श्रीशैल हे ऐकून ताटावरून उठला आणि हात धुवायला गेला.

"आता चहा टाक," अक्का म्हणाल्या आणि पहिल्यांदा मागं टेकल्या.

चहा झाल्यावर ब्लॉगचा ताबा अक्कांनीच घेतला. अक्षरं मोठी हवीत, चष्मा क्लासच्या ड्रॉवरमध्ये राहिला तरी वाचता आली पाहिजेत. "आन् ती फुलपाखरं काढ. नेमकी शब्दावर येऊन बसतेत. वाचायलेय मी, आन् मधीच शब्द गायब!" ईश्वरीच्या काळ्या रंगाला त्यांनी हात जोडून नकार दिला. भागम्मांचा हळदी रंग मात्र वरच्या पट्टीला लागला. त्या पट्टीत दुकानाचं नाव कुठंही आलं नाही.

उन्हं उतरली तेव्हा वैजयंतीनं ब्लॉग पुन्हा उघडला. अक्का उभ्या राहिल्या, फोन हातभर लांब धरला आणि क्लासमध्ये वाचतात तशा खणखणीत आवाजात वाचू लागल्या. गच्चीवर आलेल्या वानराची गोष्ट होती.

"वानरानं पापडांची परात उचलली आणि कठड्यावर जाऊन बसलं. सासूबाई काठी घेऊन धावल्या आणि वरडल्या, आरं, खातोस तर खा, पन परात तरी ठेव!"

"अक्का, हे शेवटचं मी लिहिलेलं नाही."

"म्हाईत हाय. पोरी लय हसतेत म्हनून मी जोडते. आई आसंच म्हनली आसंल."

"म्हनले होते," भागम्मा शांतपणे म्हणाल्या. "आन् त्यानं ठिवली बी."

वैजयंतीनं लॅपटॉप जवळ ओढला आणि ते वाक्य घालायला घेतलं.

"थांब," भागम्मा खुर्ची सरकवत तिच्या शेजारी येऊन बसल्या. "त्याच्या आदी काय झालतं, ते बी घे."