पानात उरलेला शिरा

सरुबाई पंगतीत नेहमी लेकीच्या डाव्या अंगाला बसायची. लग्न असो, बारसं असो, की कुणाचं वर्षश्राद्ध. आधी ऋतिकाला बसवायची आणि मग गुडघ्यावर हात टेकत, "सरक गं जरा," म्हणून शेजारी बसकण मारायची. वाढपी पुढं गेला की बोलता बोलता तिचा हात लेकीच्या पानात जायचा. आधी जिलबी उचलली जायची, मग पुरी, मग भाताचा अर्धा ढीग. राजुरीतल्या बायका हसायच्या.

"सरुबाईचं पोट हाय का कणगी? पोरीचं पान बी सोडंना."

"खाते बाई," सरुबाई पदरानं तोंड पुसायची. "तुझ्या दादल्याचं तर खात न्हाई ना?"

नऊ वर्षांपूर्वी पुण्याला ऋतिकाचं ऑपरेशन झालं, तेव्हा तिचं वजन एकशे सव्वीस किलो होतं. डॉक्टरांनी जठराची अंड्याएवढी पिशवी तेवढी ठेवली आणि आतडं वर आणून तिला जोडलं. गावात सरुबाईनं सांगितलं, पित्ताचे खडे काढले. "धडधाकट पोरीचं पोट कापून घेतलं म्हणतील. खड्याला कुणी हसत न्हाई," असं तिचं म्हणणं.

वजन उतरलं, त्याबरोबर केसही पुंजक्यांनी गेले. पुढं चौदा किलो हळूहळू परत आले. आता ऋतिका अडतिसाची होती. ओतूरच्या कॉलेजात ऑफिसात काम करायची. दर महिन्याला दंडात इंजेक्शन, सकाळी लोहाची गोळी, दुपारी कॅल्शियमची, जेवताना पाण्याचा घोट नाही. गोडाचे चार घास पोटात गेले की थोड्याच वेळात घाम फुटायचा, छाती धडधडायची आणि असेल तिथं आडवं व्हावं लागायचं. बारीक झाल्यावर आपलं दमणं संपेल असं तिला वाटलं होतं. ते संपलं नाही, नुसतं वेगळं झालं.

चार वर्षांपूर्वी सरुबाईला साखर निघाली. ऋतिका म्हणाली, "आता माझ्या पानातलं नको खाऊस."

"मग कोण खाईल?" सरुबाईनं विचारलं, आणि खात राहिली.

ती गेली तेव्हा डॉक्टरांनी कागदावर हृदयविकार लिहिलं. साखरेचं काही लिहिलं नाही. ऋतिका तेरा दिवस त्या कागदाशी मनातल्या मनात भांडत होती.

तेराव्याला ओट्यावर आणि अंगणात पंगत बसली. पानं वाढून झाली, पण कुणी हात लावला नाही. आधी मामानं मयताच्या लेकरांना गोडाचा घास भरवायचा, त्याच्यामागून मामीनं, आत्यानं, दोघा चुलत्यांनी; पाच हातांचे पाच घास. तेव्हा दुखवटा उठायचा आणि पंगत सुरू व्हायची. ऋतिकाच्या डाव्या अंगाला जागा रिकामी राहिली होती. तिथं कुणी मुद्दाम बसलं नव्हतं, की चुकून, ते तिला कळलं नाही.

रामदासमामा अजून मेंढरं राखायचे. आज धुवट फेटा बांधून आले होते. त्यांनी आधी जालिंदरला, ऋतिकाच्या थोरल्या भावाला, भरवलं; मागून बाकीच्या चौघांनी. जालिंदरनं डोळे मिटून पाचही घास गिळले. मग मामा तिच्यासमोर उकिडवे बसले. बोटांत शिरा होता, तुपानं चमकणारा.

"घे बाय. सरूच्या नावानं."

"मामा, पोटात बरं नाही. नको."

"एवढुसा हाय."

"नाही जमणार मामा."

पंगतीतून आत्याचा आवाज आला, "हिचं कायम आसंच. आई व्हती तवर आई गिळायची, आता मानसं उपाशी बसवलीत."

"तुलाबी साखर झाली का गं?" मामी, सारजाबाई, हळूच म्हणाली.

हो म्हटलं असतं तर सुटली असती. साखरेलाही कुणी हसत नाही. ऋतिकाच्या जिभेवर 'हो' आलंही होतं. तेवढ्यात मामांनी हात मागं घेतला.

"ऱ्हाऊ दे. तिच्या वाटचं मी खातो. घास परत पानात ठिवायचा नसतो. सरूची पोर ती माझीच पोर."

"आवं, तुमाला साखर हाय ना," सारजाबाई दबक्या आवाजात म्हणाली. "पाचबी तुमीच खानार का?"

"आजच्यानं काय मरतोय."

हात तोंडाशी गेला. ऋतिकानं मनगट धरलं. उन्हातान्हात रापलेलं, हाडकुळं मनगट. आईचंही शेवटी शेवटी असंच झालं होतं.

"मामा, थांबा. खडे नव्हते काढले माझे." आपला आवाज इतका सपाट कसा, याचं तिला नवल वाटलं. "वजनासाठी जठर कापून बारकं केलंय. नऊ वर्षं झाली. गोड पचत नाही मला, जास्त जेवताही येत नाही. आईनं खोटं सांगितलं, माझ्यापायी."

जालिंदरनं मान खाली घातली. त्यालाही खडेच माहीत होते.

"म्हंजी सरू तुझं पान..." मामा थांबले.

"कुणी विचारू नये म्हणून खायची. साखर असून खायची. आता तुम्ही नका खाऊ."

मामांनी बोटांतला शिरा तिच्या ओठांना नुसता टेकवला आणि तिच्याच पानाच्या कडेला ठेवून दिला.

"सारजा, तू बी तसंच कर. समदी तसंच करा," ते म्हणाले. आत्या शेवटी उठली. तिनंही ओठांना लावून घास पानात ठेवला. मामांनी धोतराला बोटं पुसली. "बसा राव, जेवा आता. निवतंय."

पंगत सुरू झाली. पलीकडच्या ओळीतून कुजबुज आलीच: जठर म्हंजी नेमकं काय गं, कुठून कापत्यात, आन एवढं करून मग ही अजून एवढी कशी? उद्यापासून घरोघर हेच सांगत बसावं लागणार होतं. तिला आत्ताच थकवा आला.

वरण-भाताचे चार घास तिनं सावकाश, प्रत्येक घास पेज होईतो चावून खाल्ले. पोट भरलं. हातानं सवयीनं पुरी उचलली, उरलेल्यावर झाकायला. मग ती परत बाजूला ठेवली.

पानं उचलणारी बाई आली, तिनं शिऱ्याचे पाच छोटे गोळे बघितले आणि ऋतिकाकडं बघितलं.

"हे ऱ्हायलंय."

"हो," ऋतिका म्हणाली. "न्या."