धरण कोणी पाहिलं?

हदासा पेणकरबाईंना एक खोड होती. नववीच्या इतिहासात राजा कुठलाही असो, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: हे कोणी पाहिलं, आणि तुला कोणी सांगितलं? मुलं पार वैतागून जात.

गाढी नदी पनवेलच्या खालच्या वस्तीत शिरली आणि अख्खी वस्ती शाळेत मुक्कामाला आली. बाईंनी त्यातली आपली मुलं गोळा करून जिन्यावर तास चालू ठेवला. मुख्याध्यापक निनादसरांनी सगळ्या वस्तीदेखत कपाळाला हात लावला. "बाई, पाणी ओसरलं की तुमचे तास गणिताला देऊ. इतिहास कुठे पळून जातोय?"

दुपारी धनेश ओरडत आला. हा नववीतल्या प्राचीचा बाप. शाळेच्या आवारात लावलेला टेंपोही मोठा आणि आवाजही. "नदीवरचं धरान फुटलंय! टेंपोत बसा, कर्नाळ्याच्या डोंगराकडं निगू."

फाटकाबाहेर रस्त्यावर कमरेइतकं पाणी धावत होतं. तरी बायकांनी पोरं काखेत मारली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो असा.

पालिकेचा फोन लागत नव्हता. बाई फाटकाला पाठ लावून उभ्या राहिल्या. बातमी खरी असली, तर इतके जीव त्यांच्या हट्टापायी जाणार होते. पण आवाज वर्गातलाच निघाला. "प्राची, विचार."

प्राची बापापुढे आली. "बाबा, तुमी पाह्यलं?"

"मी कशाला? भगवानमामाचा फोन आला, समुद्राकडच्या द्रोणागिरीवरनं."

"तिथनं धरान दिसतं?"

तिने मामाला फोन लावून स्पीकर चालू केला.

"मी नाय पाह्यलं," मामा म्हणाला. "तुझ्या हौसाआत्यानं सांगितलं."

गव्हाणची हौसाआत्या फोनवरच उखडली. "मला काय इचारता? सकाली दादानंच फोन केलता, धरान फुटलं काय म्हनून!"

धनेशचा सकाळचा प्रश्न दोन घरं फिरून बातमी होऊन परत आला होता. कोणीतरी फिसकन हसलं. बोचकी खाली ठेवली गेली. संध्याकाळी पालिकेचा फोन लागला. धरण शाबूत होतं.

सकाळी पाणी उतरलं. फाटकासमोरचा रस्ता वाहून गेला होता, आणि तिथे टेंपो उभाच्या उभा मावेल एवढा खड्डा पडला होता. धनेश प्राचीचा हात घट्ट धरून त्यात बघत राहिला. मग निनादसरांकडे वळला.

"सर, गनिताला दुसऱ्या कोनाचा तास बघा."