फांदी मिटली तेव्हा

शुक्रवार पेठेतल्या त्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात शिवराज सगळ्यांत जुना. अवघड काम आलं की मालक बाळासो सर आधी त्याच्या टेबलापाशी यायचे. राजनंदिनी आली आणि ते बदललं.

काम टॉवेलच्या कारखान्याचं होतं. स्क्रीनवर डिझाइनचं झाड दिसायचं, म्हणजे एकातून एक उघडत जाणाऱ्या ओळींची यादी; उघडमिट होणाऱ्या ओळीला सगळे फांदी म्हणायचे. टॉवेल उघडला की खाली काठ, काठाखाली एकेक पट्टा. पट्ट्याच्या ओळीवर क्लिक केलं की तिथल्या तिथं धाग्यांचा आकडा, रंगाचं बटण आणि सुताचे प्रकार असं सगळं एकदम उघडायला हवं होतं. शिवराजनं ते बसवलं, पण आकडा भरून रंगाकडं गेलं की झाडाला वाटायचं, माणूस ओळ सोडून गेला. मग सगळंच बंद व्हायचं. कितीतरी आठवडे तो त्याच्याशी झगडत होता.

राजनंदिनी मंद्रूप गावची, नुकतीच लागलेली. तिनं ते सगळं एका चौकटीत घातलं आणि झाडाला समजावलं, की चौकटीतल्या कुठल्याही गोष्टीत काम चालू असलं तर ओळ सोडली असं धरायचं नाही. चाललं!

"दादा, तुमीच निम्मं करून ठेवलं होतं की," ती म्हणाली.

तिच्या या चांगुलपणानंच तो जास्त जळला. त्यात सर त्याच्यादेखत म्हणाले, "शिवराज, आता झाडाचं काही अडलं तर हिला विचारत जा." त्या दिवशी त्याला डबा गोड लागला नाही.

मग तो तिच्या कामात खोट शोधायला लागला, आणि सापडली. चौकट उघडी असताना वरची फांदी मिटली, तर भरलेला रंग भलत्याच ओळीत जाऊन बसत होता. शिवराजनं पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. तो गालातल्या गालात हसला आणि गप्प बसला.

कारखान्याचे मालक रुद्रप्पा बघायला आले, तेव्हा राजनंदिनीनं माउस त्यांच्याच हातात दिला. शिवराज मागं उभा राहिला. त्यांनी पट्टा उघडला, लाल रंग निवडला, "छान हाय की" म्हणाले आणि सहज फांदी मिटली.

पांढऱ्या काठाचा रंग लाल झाला.

"हे काय झालं वो? असा माल गेला तर गिऱ्हाईक परत पाठवंल की!"

सरांनी राजनंदिनीकडं पाहिलं. तिचा चेहरा उतरला. घाईघाईनं ती कोड चाळू लागली, पण नको तिथं शोधत होती. हेच बघायला शिवराज आठवडाभर थांबला होता. आता मात्र तिची ती धांदल त्याला बघवेना.

"तिथं नाही," तो बोलून गेला. "फांदी मिटायच्या आधी चौकटीतलं जतन करून चौकट बंद करायची. सरक, मी करतो."

थोड्याच वेळात झालं. रुद्रप्पा खूश झाले. सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "शेवटी जुना माणूस तो जुना माणूस!"

सर पाहुण्यांना सोडायला खाली गेले. राजनंदिनी तिथंच उभी होती.

"दादा, बघताक्षणी कसं कळलं तुमाला?"

"अनुभव."

"आधीच माहीत होतं व्हय?"

शिवराजनं माउस उगाच बाजूला सरकवला. तिला कळायचं ते कळलं.

"मला एकटीला सांगितलं असतं तरी चाललं असतं," एवढं बोलून ती पाणी प्यायला गेली.

त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतं बोलू लागली. आपलं काम तपासायला ती पलीकडच्या टेबलावरच्या अपेक्षाला द्यायची. दोघी एका स्क्रीनवर वाकून काहीतरी जुळवायच्या, जमलं की खिदळायच्या. सर पुन्हा शिवराजच्या टेबलापाशी येऊ लागले होते. तो मान डोलवून त्यांचं ऐकायचा, आणि कान मात्र त्या हसण्याकडं लागलेले असायचे.