शेवटचा नंबर

बांद्यात डॉक्टर सदानंदांचा दवाखाना राहत्या घराच्या पडवीतच होता. अस्पृश्यताबंदीचा कायदा आला तेव्हा त्यांनी बाहेरचा वेगळा बाक स्वतः उचलून आत घेतला आणि महारवाड्यातल्या माणसांना सगळ्यांच्या शेजारी बसवलं. गावाने नाकं मुरडली, पण डॉक्टर बधले नाहीत. तपासायचे मात्र त्यांना सगळ्यांच्या शेवटी, म्हणजे हातासरशी आंघोळ करून घरात जाता येई. आईचं मन राखायला एवढं करावंच लागतं, असं ते म्हणत.

त्या दिवशी घरात वडिलांचा म्हाळ, म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध होतं. डॉक्टर सोवळं नेसून पाटावर बसले होते, भटजी पिंडांची तयारी करत होते. इतक्यात कंपाउंडर विश्राम दाराशी आला. महारवाड्यातली मथुरा तिच्या तुळसाला घेऊन आली होती. पोरीच्या घशात पांढरा पडदा धरला होता, श्वास लागत होता.

घटसर्प. डॉक्टरांनी ऐकताक्षणी ओळखलं. इंजेक्शन कपाटात होतं आणि ते आत्ताच द्यायला हवं होतं. ते उठू लागले तशी आईने डोळ्यांना पदर लावला. शिवाशिव झाली की सगळं पुन्हा पहिल्यापासून, भटजींना पुढची घरं आहेत, आणि वर्षातून एकदा दारी येणारे वडील उपाशी परत जायचे.

"एवढा उरकून घे रे झिला," ती म्हणाली. "तां चेडू खंय पळान जातला?"

एवढा शिकलेला माणूस, पण खाली बसला. तिला बाकावर नीट बसव, आलोच, असं त्यांनी विश्रामला सांगितलं. मंत्र पुढे सुरू झाले. भिंतीपलीकडून पोरीचा घरघरणारा श्वास ऐकू येत होता आणि डॉक्टरांच्या ओंजळीतले तीळ सांडत होते. मग तो आवाज थांबला.

डॉक्टर तसेच सोवळ्यात पडवीत धावले. इंजेक्शन टोचलं, छाती दाबली, पुन्हा पुन्हा दाबली. तुळसा हलली नाही.

मथुराने लेकीचा परकर सारखा केला. डॉक्टर चाचरत काहीबाही सांगू लागले. आपण कुणाला कधी परत पाठवलं नाही, कायदा आल्या दिवसापासून पाळतो.

"कायदो येवन वरीस झाला, डाक्टरानू," मथुरा म्हणाली. "तुमी आत्ता इलास."

लेकीला खांद्यावर घेऊन ती पायऱ्या उतरली.

डॉक्टरांवर कुणी खटला भरला नाही. भरणार तरी कसा? त्यांनी कुणाला नाकारलं नव्हतं, फक्त थांबवलं होतं. असं थांबवणारी घरं आपल्या गावात किती आहेत, ते ज्याने त्याने आपल्याच उंबऱ्यात उभं राहून पाहावं.