नऊ महिन्यांनंतरचा प्रश्न

दारातल्या नर्सनं माझ्यामागे डोकावून विचारलं, "पेशंट कुठाय? बाळाला आणलं नाहीत?"

"पेशंट मीच. बाळ घरी आजीला नाचवतंय."

तिनं जीभ चावली. चूक तिची नव्हती. जन्मजात हृदयविकार असलेल्या आम्हा मोठ्यांची तपासणी अजून लहान मुलांच्याच मजल्यावर होते. भिंतीवर ससे, आणि बुटक्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले आम्ही बारा जण.

आमच्या आजारावर पुढं कशाचं संशोधन व्हावं, हे आज आम्ही ठरवणार होतो. प्रश्न महिनाभर आधीच पाठवले होते. फळ्यावर त्या प्रश्नांच्या तीस चिठ्ठ्या, मत द्यायला प्रत्येकाला तीन लाल टिकल्या. जास्त टिकल्यांचे दहा प्रश्न पुढं जाणार.

माझी चिठ्ठी दिसेना. घरातून निघताना गॅस दोनदा बघणारी मी. फळा तीनदा बघितला.

"तुमचा प्रश्न 'गरोदरपणातली काळजी' यात घातलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एकच आहे ना ते?"

एरवी मी मान डोलावली असती. पण घरी माझी मुलगी तीन वर्षांची आहे.

"नाही मॅडम. ते नऊ महिने तुम्ही मला डोळ्यांत तेल घालून सांभाळलंत. मी त्यानंतरचं विचारतेय. बाळंतपण सोसलेलं माझ्यासारखीचं हृदय वीस वर्षांनी कसं असतं? मुलगी कॉलेजात जाईल तेव्हा मी जिने चढत असेन का?"

"त्यावर माहिती फारच थोडी आहे हो."

"म्हणूनच तर!"

मागून एक बसचालक काका खाकरले. साठीचे, शर्टाच्या वरच्या बटणापाशी माझ्यासारखाच ऑपरेशनचा व्रण डोकावत होता. "बाई, दोन गावं एका पाटीवर लिहिलीत तर माणसं चुकीच्या गाडीत बसतील. द्या पोरीला वेगळी चिठ्ठी."

सगळे हसले. मॅडमही. त्यांनी कोरी चिठ्ठी पुढं केली. मी मोठ्या अक्षरांत प्रश्न लिहिला, चिठ्ठी फळ्यावर चिकटवली. काकांनी तीनही टिकल्या तिच्यावर लावल्या.

"अहो काका, एक तरी स्वतःसाठी ठेवा!"

"मला पुढच्या उन्हाळ्याचं पडलंय, तू वीस वर्षांचं विचारतेस. बरंय की. कुणीतरी लांबचं बघायला हवं."

मोजणी झाली. माझा प्रश्न सहावा आला.

"उत्तराला वीस वर्षं लागतील हं," मॅडम म्हणाल्या. "आणि ते तुमच्यासारख्यांच्या तपासण्यांतूनच मिळणार. दरवर्षी यावं लागेल."

"येईन की," मी म्हटलं. "पहिली तारीख कधीची देताय?"