डाव्या गालाचा उतार

"काका, हे वांगं आहे की टेकडी?"

शिकवणाऱ्या वैभवीनं कागद उचलून धरला आणि सदर भागातल्या रविवारच्या चित्रवर्गात हशा पिकला. टेबलावर भरताचं एक जाडजूड वांगं ठेवलं होतं. बाकी अकरा जणांनी निदान वांग्याच्या जवळपास जाणारं काहीतरी काढलं होतं. धम्मानंद गजभियेंच्या कागदावर मात्र एकात एक अशी सात वेडीवाकडी कडी होती आणि प्रत्येकावर बारीक अक्षरात आकडा: ३१०, ३१५, ३२०...

"टेकडीच झाली न मॅडम," गजभिये म्हणाले. "चौतीस वर्षं तेच केलं. हात दुसरीकडे वळूनच नाही राहिला."

माणूस पाटबंधारे खात्यात ट्रेसर होता. सर्व्हेवाले डोंगर-नाले मोजून आणायचे, सारख्या उंचीच्या जागा रेषेनं जोडायचे आणि गजभिये त्या रेषा शाईनं पारदर्शक कागदावर उतरवायचे. रेषा जवळ आल्या की चढ उभा, लांब गेल्या की उतार हलका. ते स्वतः आयुष्यात एकही डोंगर चढले नव्हते, पण अर्धा विदर्भ त्यांच्या बोटांखालून गेला होता. साहेब बदलले, संगणक आले, गजभियेंनी रेषा केसभरही हलवली नाही. या गोष्टीचा त्यांना भारी अभिमान होता आणि कुणी विचारलं नाही तरी ते सांगत.

वैभवीनं वांग्याला देठापासून बुडापर्यंत एकाखाली एक रबरबँड चढवले. "वरून नका पाहू काका, समोरून पाहा. रबर कसं वळून मागे जाते? तशी रेषा अंगावरून फिरवायची. नुसती बाहेरची कड काढली तर वांगं कागदाला चिकटून बसते. या रेषांनी ते फुगते."

गजभियेंनी डोळे बारीक करून पाहिलं. रेषा त्यांच्या ओळखीचीच होती, फक्त बघणाऱ्याची जागा बदलली होती. त्यांना इतका आनंद झाला की पुढचा महिनाभर घरातली एकही वस्तू त्यांच्या तावडीतून सुटली नाही. तांब्या झाला, भोपळा झाला, उशी झाली, शेवटी स्वतःचा पाय झाला.

"अंगठा बरा जमला जी," त्यांच्या पत्नी अंजनाबाई म्हणाल्या, "पण नख तरी कापायचं होतं आधी."

खरं तर हा सगळा खटाटोप अंजनाबाईंच्या चेहऱ्यासाठीच चालला होता. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या तोंडावरून वारं गेलं. औषधं झाली, मालिश झाली, तोंड बारा आणे जागेवर आलं. डावा गाल आणि ओठाचा कोपरा तेवढा खाली राहिला. त्यांच्या इंदोरा वस्तीच्या गल्लीत जिच्या बोलण्याला ब्रेक नव्हता, ती बाई दारात कुणी आलं की उठून आत जाऊ लागली. फोटोचं तर नावच नको. पुण्याची मुलगी, दीक्षा, फोनवर हट्ट करायची, आईचा एक फोटो पाठवा. अंजनाबाई म्हणायच्या, जुने आहेत की भरपूर. बायकोचं ते उठून आत जाणं गजभियेंच्या जिवाला फार लागायचं. फोटो नाही तर चित्र तरी, असं त्यांच्या मनानं घेतलं. चित्राला नवऱ्यासमोरच तर बसायचं असतं.

बरीच मनधरणी केल्यावर एका सकाळी त्या बसल्या. उजेडासाठी दार उघडं ठेवलं होतं.

"हलू नको वं."

"आणि माशी बसली तं?"

"बसू दे. तिलेही काढतो."

कपाळ झालं, नाक झालं. उजव्या गालाच्या रेषा नाकापासून निघाल्या, हाडावर चढल्या आणि वळून कानामागे गेल्या. गाल कागदावरून वर आला. गजभिये खूश झाले. मग डावा गाल आला आणि पेन्सिल थांबली. त्यांनी वर पाहिलं. अंजनाबाई त्यांच्याकडे, रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरकडे बघावं तशा बघत होत्या. तिथं गजभियेंचा धीर सुटला. त्यांनी उजव्या गालाच्या रेषा उचलल्या आणि जशाच्या तशा डावीकडे ठेवून दिल्या. सरकारी नकाशात असं केलं असतं तर पाणी भलत्याच गावात शिरलं असतं. पण घरात कोण तपासायला येतं?

अंजनाबाईंनी चष्मा लावला आणि कागद बराच वेळ पाहिला.

"चांगली आहे," त्या म्हणाल्या. "कोण आहे हे बाई?"

"तूच तं आहे."

"हा गाल माहा नाही." त्यांनी डावीकडे बोट ठेवलं. "तिकडचा इकडे काहून आणून ठेवला? लाज वाटली का?"

"मले कायची लाज? तुले वाईट वाटंल म्हणून..."

"दोन वर्षं झाले, मी लपवून राहिली. आता तुम्हीही लपवून राहिले. मंग मले पाहून कोण राहिलं जी?"

आता मात्र गजभियेंना खरोखरच लाज वाटली, आणि ती गालाची नव्हती.

"खोडा ते," अंजनाबाई म्हणाल्या. "जसं आहे तसं काढा." आणि चष्मा काढून पुन्हा बसल्या.

गजभियेंनी रबरानं गाल खोडला. स्टूल उचलून बायकोच्या डाव्या बाजूला नेलं आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की या बाजूला आपण दोन वर्षांत बसलोच नाही. बायकोला वाईट वाटू नये म्हणून जेवताना, टीव्ही पाहताना, दवाखान्याच्या बाकावरसुद्धा ते उजवीकडे बसत आले होते. आता ते नीट पाहू लागले. इथं चढ नव्हता. रेषा लांब लांब सुटत होत्या, सावकाश उतरत होत्या, ओठाच्या कोपऱ्याशी जरा घसरत होत्या. कठीण काही नव्हतं. रेषा जाईल तिकडे जायचं, एवढंच.

"मावशी, आहे का घरी?" दारात शेजारची दिपाली उभी होती, हातात रिकामा डबा.

सवयीनं गजभियेंनी पेन्सिल खाली ठेवली. आता ही उठणार आणि आत जाणार. अंजनाबाईंचा हात पदराकडे गेला, अर्ध्यात थांबला आणि परत मांडीवर आला.

"ये वं दिपाली," त्या ओठ न हलवता म्हणाल्या. "माह्या उजेडात नको येऊ, तिकडून बस. मले उठता नाही येत, गाल चालू आहे."

दिपालीनं चप्पल काढली, डबा मांडीवर घेऊन भिंतीशी टेकली आणि तीही निवांत पाहू लागली.